फुलोऱ्याआधीची नोटीस

गाजरगवताचं एक फूल तळहातावर घेतलं तर ते ज्वारीच्या दाण्याएवढं भरतं. कडेला पाच बारक्या पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक बी. बी काळं, जेमतेम दोन मिलिमीटरचं, दोन्ही बाजूंना चिमुकले पडदे असलेलं. त्या पडद्यांमुळे ते वाऱ्यावर उडतं, पाण्यावर तरंगतं आणि ट्रॅक्टरच्या टायरला लागलेल्या चिखलातून एका गावाहून दुसऱ्या गावी जातं. चांगल्या पोसलेल्या एका झाडावर अशा दहा ते पंचवीस हजार बिया धरतात. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत झाड फुलावर येतं. मृगाच्या पावसावर उगवलेलं गवत श्रावण लागेस्तोवर पांढरं झालेलं असतं, आणि पोळ्याला त्याचं बी खाली पडून दुसरी पिढी उगवलेली असते.

आता याच्या शेजारी पालिकेचं वेळापत्रक ठेवून पाहा. जुलैत वस्तीतले लोक कुरकुर करतात. ऑगस्टमध्ये कोणीतरी लेखी तक्रार देतं. आरोग्य निरीक्षक पाहणी करतो, फाईल फिरते आणि प्लॉटमालकाच्या नावाने नोटीस निघते ती सप्टेंबरात. गणपती-नवरात्राच्या तोंडावर ठेकेदाराची माणसं कटर घेऊन येतात. तोवर गवत कमरेएवढं झालेलं असतं, फुलं पिकलेली असतात आणि कटरच्या फिरत्या पात्याने बी चार प्लॉट पलीकडे उडतं. पैसे खर्च होतात, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षीची पेरणीही त्याच दिवशी होते.

जळगाव, धुळे, भुसावळ, शहादा, चाळीसगाव, अमळनेर या सगळ्या गावांत हेच चालतं. नुसतं हळहळून यातून काही निघणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की खान्देशातल्या स्थानिक संस्थांनी तणाबाबतची कारवाई तक्रारीवर सोडू नये, ती तारखेवर बांधावी, आणि ती तारीख गवताच्या उंचीवरून न ठरवता फुलोऱ्यावरून ठरवावी. बाकीचं सगळं यातून निघतं.

कायदा नाही अशी सबब कोणी सांगू नये. महानगरपालिकांचा १९४९चा कायदा आणि नगरपरिषदांचा १९६५चा कायदा, दोन्हींत उपद्रवी झाडोरा काढणं हे संस्थेचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतींच्या १९५८च्या कायद्याची पहिली अनुसूची तर आणखी स्पष्ट आहे. उकिरडे हटवणं, माजलेलं रान आणि निवडुंग काढणं, पडक्या विहिरी बुजवणं ही कामं तिथे एका ओळीत आहेत. निवडुंगाचा उल्लेख आज वाचताना नवल वाटतं, पण एकेकाळी दख्खनेतली कुंपणं, गावकुसं, पडीक जमिनी फड्या निवडुंगाने गिळल्या होत्या. १९२६च्या सुमारास त्यावर जगणारा एक किडा भारतात आणला गेला आणि त्याने बहुतेक शिवारांतून निवडुंग हटवला. कायद्यात तो शब्द राहिला. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्याची, १९५५ सालची. म्हणजे कायदा लिहिला गेला तेव्हा हे गवत इथे नवखं होतं, अनुसूचीत त्याचं नाव यायचं काही कारण नव्हतं. पण ‘माजलेलं रान’ या शब्दांत ते बसतं, आणि नाव घालून उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा स्थानिक नियम, करायला कोणी हात धरलेला नाही. कर्नाटकाने सत्तरच्या दशकातच गाजरगवत कायद्याने उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. ते तिथे आजही आहे. जाहीर केल्याने झाड उपटलं जात नाही. कोणी, कोणत्या आठवड्यात, कोणाच्या पैशाने उपटायचं हे लिहिलं तरच उपटलं जातं.

आठवडा महत्त्वाचा का, ते पाहू. उगवल्यावर पहिले काही आठवडे गाजरगवताची पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली असतात, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. या अवस्थेत ओल्या जमिनीतून ते दोन बोटांनी मुळासकट निघतं. बी नसतं, खाज आणणारा फुलोरा नसतो, उपटलेला पाला तिथेच वाळतो किंवा थेट खड्ड्यात जातो. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट एक माणूस साधारण अर्ध्या दिवसात साफ करतो. मग मधला दांडा उभा राहतो, त्याला फांद्या फुटतात. आता उपटायला जोर लागतो, वरून कापलं तर बुंध्यातून दुप्पट फांद्या येतात. फुलं आली की काम तिप्पट होतं, आणि काढलेल्या गवताची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न उभा राहतो, कारण ते उकिरड्यावर टाकलं तर तिथून शेणखताबरोबर शेतात जातं. एकच प्लॉट, एकच मालक, पण जुलैच्या मध्यात अर्ध्या मजुरीचं काम सप्टेंबरात ट्रॉली भाड्याने घेऊन करावं लागतं.

खान्देशाच्या पावसाचा अंदाज धरला तर पहिली उपटणी १० ते २५ जुलैच्या दरम्यान व्हायला हवी. दुसरी पोळ्याच्या आधी, कारण पहिल्या उपटणीने हललेल्या मातीतून नवं बी उगवून येतंच. ही दुसरी फेरी सगळे विसरतात आणि मग ‘काढलं तरी काही उपयोग नाही’ असं म्हणतात. ज्या वर्षी पाऊस उशिरा येतो त्या वर्षी तारीख पुढे सरकवावी लागेल. म्हणून उपविधीत नुसती तारीख लिहून भागणार नाही, ‘चांगल्या पहिल्या पावसापासून पाचव्या आठवड्याच्या आत’ असं लिहून ती तारीख दर वर्षी जूनअखेर जाहीर करावी. घंटागाडीच्या भोंग्यावर एवीतेवी गाणी वाजतातच, त्यात आठ दिवस ही तारीख वाजू द्यावी. खेड्यात दवंडी आहे, ग्रामपंचायतीचा फळा आहे, गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

एक मोठी चूक मे महिन्यात होते आणि तिला स्वच्छता मोहीम असं नाव असतं. जेसीबी लावून प्लॉट, नाल्याचे काठ, रस्त्याच्या कडा खरवडल्या जातात. दिसायला सगळं लख्ख. पण गाजरगवताला हवी असते ती हीच उघडी, हललेली, स्पर्धा नसलेली माती. वर्षानुवर्षं पुरलेलं बी जेसीबीच्या बकेटने वर येतं आणि जूनच्या पहिल्या पावसावर गालिच्यासारखं उगवतं. त्यात खड्डे बुजवायला बाहेरून मुरूम आणला जातो आणि मुरमाबरोबर दुसऱ्या गावचं बी. ज्या जागेवर हरळी, मारवेल किंवा तरोटा दाट आहे ती जागा उन्हाळ्यात खरवडू नये. ते गवत राहिलं तर गाजरगवताला जागा मिळत नाही. पालिकेच्या कामाच्या अंदाजपत्रकात जेसीबीचे तास सहज मंजूर होतात आणि उपटणीची मजुरी होत नाही. हे उलटं व्हायला हवं.

तरोट्याबद्दल थोडं सविस्तर. काही ठिकाणी याला टाकळा म्हणतात. कोवळा पाला भाजीला चालतो आणि पावसाळ्यात हा इतका दाट वाढतो की खाली गाजरगवताची रोपं गुदमरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंगा तडकायच्या आधी बी गोळा करायचं, कोरडं ठेवायचं आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पावसाच्या आधी, रस्त्याच्या कडेला आणि गावठाणाच्या पडीक जागेवर फोकायचं. खर्च म्हणावा तर शेंगा वेचायची मजुरी. हा उपाय प्लॉटवर चालणार नाही, मालकाला तिथे घर बांधायचं आहे. पण कालव्याचा काठ, स्मशानभूमीचं कुंपण, गायरानाची कड इथे तो वर्षागणिक पक्का होत जातो. मेक्सिकन भुंग्याचंही तसंच. ऐंशीच्या दशकात बंगळुरूला आणलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पानं खातात. पाऊस पडला की जमिनीतून वर येतात, हवा कोरडी झाली की पुन्हा मातीत जाऊन बसतात. एका जागी पाचशे ते हजार भुंगे सोडावे लागतात आणि त्या जागी नंतर फवारणी करायची नाही. भुंगे सोडायचे आणि पंधरा दिवसांनी तिथेच तणनाशक मारायचं, असं झालं की भुंग्यांवरचा खर्चही वाया आणि फवारणीवरचाही.

आता प्लॉटमालकाकडे येऊ. खान्देशातल्या प्लॉटचा मालक पुष्कळदा खान्देशात नसतो. तो सुरतेला उधन्यात असतो, पुण्यात चाकणला असतो, नाशिकला असतो. गावाकडे दोन प्लॉट घेऊन ठेवले, पुढेमागे पोरीच्या लग्नाला होतील, अशा हिशेबाने घेतलेली ती जागा. खरेदीखत झालेलं असतं, पण सिटी सर्व्हेला नोंद नसते. सात-बाऱ्यावर अजून ले-आउट पाडणाऱ्याचंच नाव असतं. नोटीस द्यायची कोणाला? निरीक्षक प्लॉटच्या खांबाला कागद चिकटवतो, दुसऱ्या पावसात तो गळून पडतो. याला उपाय आहे आणि तो आरोग्य विभागाकडे नाही, कर विभागाकडे आहे. मोकळ्या जागेचा कर भरणारा कोणीतरी असतोच. त्याचा मोबाइल नंबर बिलावर असतो. त्या बिलासोबतच जूनमध्ये सूचना जावी की अमुक तारखेपर्यंत गवत मुळासकट काढा, नाही तर पालिका काढील आणि तमुक दराने खर्च तुमच्या बिलात चढेल. खर्च मालकाकडून वसूल करायचा अधिकार पालिकेला आहेच. फक्त दर आधी सभेत ठरवून जाहीर केलेला हवा, चौरस मीटरला इतके रुपये, नाही तर प्रत्येक बिलावर वाद होतो. काढण्याआधीचा आणि काढल्यानंतरचा फोटो, तारखेसकट, बिलाला जोडावा. दंडाची भीती घालण्यापेक्षा ठरलेल्या दराचं बिल जास्त काम करतं, कारण दंड माफ करायला नगरसेवक मध्ये पडतात, झालेल्या कामाची मजुरी माफ करा असं सांगायला सहसा कोणी येत नाही.

पण हे बिल पाठवण्याआधी पालिकेने स्वतःच्या जागेकडे पाहिलं पाहिजे. प्रत्येक मोठ्या ले-आउटमध्ये साधारण दहा टक्के जागा खुली सोडलेली असते. बाग होणार, खेळाचं मैदान होणार म्हणून ती पालिकेच्या ताब्यात गेलेली. त्या वस्तीत सगळ्यात उंच गाजरगवत कुठे असतं, तर तिथे. मग बांधकाम विभागाच्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या, पाटबंधाऱ्याच्या चाऱ्या, रेल्वेच्या कडा, वीज उपकेंद्राचं आवार, बाजार समितीचं मागचं अंगण. जिल्हाधिकाऱ्यांनी जूनमध्ये एक बैठक घेऊन प्रत्येक खात्याला त्याचा तुकडा नकाशावर दाखवून द्यावा आणि खासगी मालकांच्या तारखेच्या आठ दिवस आधीची तारीख सरकारी जागांना लावावी. सरकारी जागा साफ नसताना आलेली नोटीस माणूस फाडून फेकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

ग्रामपंचायतीची अडचण वेगळी. तिच्याकडे दोन सफाई कामगार आणि एक पाणीवाला, यापेक्षा जास्त माणसं नसतात. रोजगार हमीतून करून घ्या असं सहज सुचवलं जातं, पण मनरेगाच्या अनुसूचीतच लिहिलं होतं की गवत काढणं, खडे वेचणं, शेतीची कामं अशी मोजता न येणारी, पुन्हापुन्हा करावी लागणारी कामं घेऊ नयेत. त्यामागचा विचार चुकीचा नाही, मजुरीतून टिकाऊ काहीतरी उभं राहावं हा होता. पण परिणाम असा की खेड्यात तण काढायला रोजगार हमीत शीर्षकच राहिलं नाही. ग्रामपंचायतीने स्वनिधीतून वर्षाला दोन वेळची मजुरी बाजूला ठेवणं हाच सरळ मार्ग उरतो. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी आणि मुख्य रस्ता एवढ्यापुरती ती ठेवली तरी रक्कम आवाक्यातली राहते.

शिवारात मात्र दंडाची भाषा कोणी बोलू नये. शेतकऱ्याच्या बांधावरचं तण हा त्याचा एकट्याचा प्रश्न नाही हे खरं, आणि ते रावेर-यावलच्या केळीवाल्याइतकं कोणाला कळत नाही. केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो विषाणू बांधावरच्या केन्यासारख्या तणांत राहतो आणि मावा त्याला केळीवर नेतो. मावा रोगट झाडात सोंड खुपसतो, काही क्षणांत विषाणू घेतो आणि पुढच्या झाडाला तितक्याच वेळात देतो. म्हणून फवारणीने हरण्या थांबत नाही. औषध लागून मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. आणि इथेही वेळच सगळं ठरवते. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची, कोवळी टिश्यूची रोपं शेतात लागल्यावर, जुलैच्या ढगाळ हवेत, कोणी शेजारचा बांध साफ करायला घेतला तर तणावरचा मावा उपाशी बसत नाही, तो केळीवर जातो. तीच सफाई लागवडीच्या आधी झाली असती तर त्याला जायला जागाच नव्हती. बांध साफ करणं योग्यच, पण चुकीच्या आठवड्यात केलं तर ते रोग पसरवणं होतं.

कपाशीचा पिठ्या ढेकूणही असाच. कपाशी उपटल्यावर तो मधले दिवस गाजरगवतावर काढतो आणि पुढच्या हंगामात परत येतो. त्यात लोक उपटलेलं तण चारीत फेकतात. त्यावरची पिल्लं पाण्याबरोबर खालच्या शेतात पोचतात. ग्रामसभेने एक साधा ठराव करावा की उपटलेलं तण चारीत, नाल्यात किंवा रस्त्यावर टाकायचं नाही आणि बांधांची सामायिक सफाई लागवडीआधीच्या ठरलेल्या आठवड्यात करायची. धुळे-साक्रीच्या बाजूला, पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत, म्हणजे पाटाचं पाणी गावाने मिळून वापरायची व्यवस्था, चालायची, तिच्यात पाटाची साफसफाई लाभधारकांनी मिळून करायची रीतच होती. ज्याला पाणी, त्याला पाटाचं काम. कोणी सरकारी नोटीस काढत नव्हतं. पाणी सोडायचा दिवस ठरलेला असायचा, म्हणून सफाईलाही त्याच्या आधीचा दिवस मिळायचा. बांधाच्या सफाईला लागवडीचा दिवस तसाच बांधून घेता येतो.

तणनाशकाचा विषय टाळता येत नाही, कारण ठेकेदार पहिला तोच उपाय सुचवतो. ग्लायफोसेटला भारतात चहामळे आणि पीक नसलेल्या जागा एवढीच परवानगी आहे, आणि ऑक्टोबर २०२२च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांशिवाय इतरांनी वापरायचं नाही. पालिकेने टेंडर काढताना तो परवाना मागितलाच पाहिजे. त्याहून मोठा धोका टू-फोर-डी या तणनाशकाचा. कपाशी या औषधाला फार हळवी. शहराच्या कडेच्या प्लॉटवर वारं असताना ते मारलं की पलीकडच्या शेतातली कपाशी आठ-दहा दिवसांत बोलू लागते. नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, शिरा जवळजवळ येतात, शेंडा वळतो, पात्या गळतात. शेतकरी रोग समजून बुरशीनाशक, टॉनिक यांवर पैसे घालतो. कधी वाऱ्याचाही दोष नसतो. ज्या पंपाने तण मारलं तोच नुसता पाण्याने खंगाळून दुसऱ्या दिवशी कपाशीवर वापरला जातो. टाकी, नळी, गाळणी, नोझल यांत उरलेला अंशही कपाशीला पुरतो. म्हणून जून ते नोव्हेंबर या काळात कपाशीलगतच्या प्रभागांत टू-फोर-डीला पालिकेने सरळ बंदी घालावी, आणि तणनाशकाचे पंप वेगळ्या रंगाने रंगवून वेगळे ठेवावेत. शिवाय फुलावर आलेल्या गवतावर फवारलं तर झाड वाळतं, पण पिकत आलेलं बी खाली पडतंच. औषध मारायचंच तर तेही फुलोऱ्याआधी.

मिठाच्या पाण्याची शिफारस अधूनमधून फिरते, शंभर लिटरला पंधरा-वीस किलो मीठ. कोवळं गवत त्याने जळतं खरं. पण तापीकाठच्या काळ्या जमिनीत सोडियम गेला की मातीचे कण फुटतात, जमीन पाणी पीत नाही, उन्हाळ्यात दगडासारखी होते. फरसबंद आवार सोडलं तर हा उपाय करू नये. आणि पेटवून देणं हा तर उपायच नाही. वरचा पाला जळतो, मातीतलं बी राहतं, आणि गवताखाली साठलेल्या प्लॅस्टिकचा धूर शेजारच्या घरात जातो.

फुलोऱ्याआधी उपटलेल्या गवताचं खत चांगलं होतं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा, पाणी साचणार नाही अशा उंच जागी. साधारण पन्नास किलो गवताचा थर, त्यावर वीस लिटर पाण्यात कालवलेलं पाच किलो शेण आणि अर्धा किलो युरिया, वर मातीचा पातळ थर. असे थर जमिनीच्या वर दीड फूट येईपर्यंत लावून शेणमातीने लिंपायचं. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. वाळलेल्या, फुललेल्या गवताचा हा खड्डा करू नये, कडेच्या थरांत उष्णता पोचत नाही आणि बी जिवंत राहतं. वस्तीत एक खड्डा असेल तर काढलेलं गवत न्यायचं कुठे हा प्रश्न संपतो.

वेडी बाभूळ म्हणजे वेगळंच दुखणं. नदीकाठ, नाले, गायरानं, कालव्याचे भराव तिने बळकावले आहेत. शेंगा मे-जूनमध्ये गळतात, शेळ्या-गुरं खातात आणि लेंड्या-शेणातून बी सगळीकडे नेतात. ती काढायचं टेंडर बहुतेक ठिकाणी ‘झाडं तोडणे’ असं निघतं. ठेकेदार कोळशासाठी लाकूड नेतो आणि बुंधा तसाच सोडतो. त्या बुंध्यातून पुढच्या पावसात दहा-पंधरा फुटवे येतात आणि पूर्वी निदान खालून वाकून जाता यायचं तिथे आता जाळी होते. पैसे तोडलेल्या झाडावर देऊ नयेत, जमिनीखाली एक फुटापर्यंत खणून काढलेल्या बुंध्यावर द्यावेत, आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या पावसाळ्यानंतर रोपं उपटून झाली की द्यावा. काढलेल्या जागी लगेच निंब, करंज किंवा चाऱ्याचं गवत लावलं नाही तर तिथे गाजरगवत येतं. शहराच्या हद्दीत १९७५च्या वृक्षसंवर्धन कायद्याची परवानगी लागते, तीही आधी घ्यावी. रस्त्याच्या वळणावर साइडपट्टीवर झुकलेल्या फांद्या मात्र वर्षातून दोनदा छाटल्याच पाहिजेत. समोरून येणारी दुचाकी त्या काट्यांमागे दिसत नाही.

उपविधी लिहिताना एक भीती आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. ‘अमुक इंचांपेक्षा उंच वाढलेलं सगळं गवत’ असं लिहिलं की बांधावरचा मारवेल, पवना, परसातला तांदुळका, घोळ, आघाडा, औषधी म्हणून राखलेलं एखादं झुडूप, सगळ्यावर कात्री चालते. सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा-तळोदा-अक्कलकुवा बाजूला, पावसाळ्यातले दोन महिने कितीतरी घरांत रानभाजी रोजच्या जेवणात असते. शेळीवर घर चालवणाऱ्या बाईला बांधावरचं गवत हा चारा आहे. म्हणून उपविधीत उंची नको, नावांची यादी हवी. गाजरगवत आणि वेडी बाभूळ सर्वत्र, जलपर्णी तलाव-बंधाऱ्यांत, केळी पट्ट्यात केना लागवडीआधीच्या काळापुरता. यादी गावागणिक थोडी बदलेल, ते ग्रामसभेने ठरवावं. यादीबाहेरच्या हिरव्याला कोणी हात लावू नये. साप-विंचवाच्या भीतीने घराला लागून आठ-दहा फुटांची पट्टी मोकळी ठेवायला हरकत नाही. घोणस दाट गवतात उंदरांमागे येते आणि शाळेच्या वाटेवर ती भीती खरीच असते.

हे सगळं करायचं तर ठराव मे महिन्याच्या सभेत व्हावा लागतो. तणांची यादी, सरकारी आणि खासगी जागांच्या वेगळ्या मुदती, चौरस मीटरचा दर, दुसऱ्या फेरीची तरतूद आणि कोणत्या प्रभागात फवारणी नाही हे त्यात आलं पाहिजे. आणि उपटणाऱ्यांचं. गाजरगवताच्या बारीक लवेत आणि रसात जे द्रव्य असतं त्याने हातांना, मानेला, पापण्यांना खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते, काहींना दम लागतो. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की पुढच्या वेळी नुसत्या वाऱ्याने भडकते. फुललेल्या गवतात हे सगळ्यात जास्त. ठेक्याच्या करारात पूर्ण बाह्यांचा सदरा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, नाकाला फडकं, काम संपल्यावर साबण-पाणी आणि आधीच त्रास असलेल्या कामगाराला दुसरं काम, या पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. त्यांचा खर्च ठेकेदाराच्या दरात मिसळू नये, वेगळा दाखवावा, म्हणजे तो कापता येणार नाही.